भारतीय फुटबॉलच्या सन्मान दालनात पहिले अकरा कोण?

भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघासाठी सन्मान दालन करायचं म्हटलं की चर्चा थेट नावांवर जाते आणि तिथेच गाडं अडतं. बंगालचा माणूस पीके बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी म्हणणार, केरळचा विजयन म्हणणार, पंजाबचा जर्नेल आणि इंदर सिंग, हैदराबादचा प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या तालमीतली निम्मी टीम सांगणार. गोव्यात ब्रह्मानंद शंखवाळकरांशिवाय यादी पुढे सरकणार नाही. यातलं कुणीच चुकीचं बोलत नाही. पण प्रत्येकाच्या हातातली मोजपट्टी वेगळी असते. कुणी पद्म पुरस्कार मोजतो, कुणी गोल, कुणी क्लबचे करंडक, कुणी नुसती लोकप्रियता. म्हणून आधी मोजपट्टी ठरवू आणि मग नावांकडे येऊ.

माझी मोजपट्टी अशी: देशाच्या जर्सीत, सगळ्यांत अवघड सामन्यात, त्या खेळाडूने किती भार उचलला? क्लबची कामगिरी इथे धरायची नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल, साळगावकर, धेंपो यांनी आपापल्या खेळाडूंचा मान राखावा, ते त्यांचं काम. भायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, ही भारतीय फुटबॉलमधली मोठीच गोष्ट होती, पण राष्ट्रीय संघाच्या दालनात तिचा एकही गुण नाही.

आता आकड्यांचा घोळ. सामन्यांची संख्या म्हणजे कॅप, हे माप सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त फसवतं तेच. १९४८ ते १९६२ या काळात भारताच्या वाट्याला वर्षाला मोजके सामने यायचे, काही वर्षं तर जवळजवळ कोरडीच जायची. शिवाय आजच्यासारखी बदली खेळाडूंची सोय तेव्हा नव्हती. जो उतरला तो नव्वद मिनिटं खेळला, पाय मुरगळला तरी. आज ८८ व्या मिनिटाला मैदानात आलेल्यालाही एक पूर्ण कॅप मिळते. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातले दहा सामने आणि आजचे दहा सामने एका तागडीत टाकता येत नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे कोणता सामना 'अधिकृत' धरायचा. जुन्या स्पर्धांमध्ये समोर कधी एखाद्या देशाचा दुय्यम संघ असायचा, कधी क्लब, कधी निवड संघ. ऑलिंपिकचं फुटबॉल १९९२ पासून आणि आशियाई खेळांचं २००२ पासून २३ वर्षांखालील संघांचं झालं, त्यामुळे तिथले गोल वरिष्ठ संघाच्या खात्यात जात नाहीत. भायचुंग आणि विजयन यांचे सामन्यांचे आणि गोलांचे दोन-दोन, तीन-तीन आकडे फिरतात ते यामुळेच. कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त गाळणी वेगवेगळी असते. उपाय एकच. प्रत्येक उमेदवाराची सामनानिहाय फाइल करायची: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, तो त्यांचा पहिला संघ होता की नाही, खेळाडू कोणत्या जागेवर खेळला, किती मिनिटं खेळला, गोल कोणाचा. प्रत्येक नोंदीला त्या दिवसांतल्या दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचा आधार हवा, आणि त्यातलं एक शक्यतो यजमान देशाचं.

नावांकडेही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. भारताच्या जर्सीत बॅनर्जी तीन गाजले: १९५६ चे कर्णधार समर ऊर्फ बद्रू, १९६० चे कर्णधार प्रदीपकुमार म्हणजे पीके, आणि पीकेंचे धाकटे भाऊ प्रसून. जुन्या बातमीत नुसतं 'बॅनर्जी' छापलेलं असलं की एकाचा गोल दुसऱ्याच्या नावावर चढतो. भट्टाचार्यांचंही तेच: अतनू गोलरक्षक, सुब्रत बचावपटू. मेवालाल, तुलसीदास, युसूफ यांची रोमन स्पेलिंगं तर प्रत्येक अहवालात निराळी. फाइल करताना आडनावावर विसंबायचं नाही. जागा, क्लब आणि जोडीदार खेळाडू जुळवून बघायचे.

पात्रतेचे नियम तीनच पुरेत. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर किमान तीन वर्षं गेलेली असावीत. वरिष्ठ संघाकडून किमान तीस अधिकृत सामने, किंवा ऑलिंपिक (१९८८ पर्यंतचं), आशियाई खेळ (१९९८ पर्यंतचे), आशियाई चषक यांपैकी एखाद्या स्पर्धेत निर्णायक भूमिका असावी. आणि तिसरं, पहिल्या तुकडीत मैदानावरची प्रत्येक जागा भरली गेली पाहिजे: गोलरक्षक, बचाव, हाफ म्हणजे मधली फळी, आघाडी. हा तिसरा नियम नसेल तर काय होतं ते सांगायला नको. सगळे फॉरवर्ड आत जातात आणि ज्यांनी गोल वाचवले ते बाहेर उभे राहतात.

तीन वर्षांचा नियम कुणाला आखडूपणाचा वाटेल, तर सुनील छेत्रीचं उदाहरण समोर आहे. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली आणि त्याने निरोप घेतला. ९४ गोल खात्यावर होते, डोळे पाणावलेलं सॉल्ट लेक स्टेडियम होतं. त्याच रात्री दालनात नाव कोरलं असतं तर मार्च २०२५ मध्ये ते दुरुस्त करावं लागलं असतं, कारण तो परत आला आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध ९५ वा गोल करून गेला. छेत्री दालनात येणारच, त्यात वादच नाही. पण शेवटचा आकडा पक्का झाल्यावर.

आता नावं. माझ्या यादीत पहिलं नाव नेव्हिल डिसोझा यांचं आहे, आणि ते गोमंतकीय होते, मुंबईत खेळले म्हणून नाही. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. चौथा गोल किट्टूंचा, निकाल ४-२, आणि भारत उपांत्य फेरीत. तोवर आशियातला एकही देश ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तिथवर पोचला नव्हता. इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो नीट तपासला पाहिजे: ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा संघ फार भारी नव्हता, आणि हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत खेळावंच लागलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून पुढचा सामना बघायचा. उपांत्य फेरीत समोर युगोस्लाव्हिया, म्हणजे चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारताला १०-१ ने लोळवणारा देश. पूर्वार्ध कोरा गेला आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला पहिला गोल केला तो नेव्हिलनी. भारत १-० ने पुढे होता! तिथून पंधरा मिनिटांच्या आत तीन गोल बसले आणि सामना १-४ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवलं. तरीही चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे ठरले, आणि खेळले ते फक्त तीन सामने. ऑस्ट्रेलियावरचा विजय नशिबाचा म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद: त्याच डिसेंबरात सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ ने हरवलं.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. मेलबर्नची कामगिरी तोवर पाच वर्षं जुनी झाली होती आणि नेव्हिलना तो कधीच मिळाला नाही. पुरस्कारांची यादी घेऊन दालन भरायला बसलात तर हा माणूस निसटतो. म्हणूनच पुरस्कारांना माझ्या मोजपट्टीत जागा नाही.

हीच गोष्ट तुलसीदास बलराम यांची. पीके, चुनी, बलराम ही आघाडीची तिकडी सगळ्यांना तोंडपाठ. त्यातल्या दोघांना पद्मश्री मिळाली, बलराम यांना अर्जुन पुरस्कारावर थांबावं लागलं. आता १९६० च्या रोम ऑलिंपिकचा कागद बघा. हंगेरीविरुद्ध भारत १-२ ने हरला, आणि हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्य मिळवलं. भारताचा गोल बलराम यांचा. पेरूविरुद्ध १-३, गोल पुन्हा बलराम यांचा. फ्रान्सशी १-१ बरोबरी, गोल कर्णधार पीकेंचा. तीन सामने, तीन गोल, त्यांतले दोन त्यांचे. प्रकृतीने साथ सोडली आणि विशीतच खेळ थांबवावा लागला, म्हणून कारकीर्द छोटी दिसते. छोटी आहेच, पण उथळ नाही.

जकार्ता १९६२ वर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण निवडीचे सगळे प्रश्न त्या एका स्पर्धेत सापडतात. भारत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरला. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तीच कोरिया. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेल सिंग यांचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. जर्नेल म्हणजे संघाचे स्टॉपर, बचावाचा कणा. टाके घातलेल्या डोक्याने बचावात हेडर घेत बसणं धोक्याचं, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना थेट आघाडीवर पाठवलं. जर्नेल यांनी उपांत्य सामन्यात एक गोल केला आणि अंतिम सामन्यात दुसरा, तोही डोक्याने. अंतिम सामन्याचा पहिला गोल १७ व्या मिनिटाला पीकेंचा, दुसरा २० व्या मिनिटाला जर्नेल यांचा. कोरियाचा गोल अगदी शेवटी झाला. २-१, सुवर्ण.

हे सगळं ज्या स्टेडियममध्ये घडलं तिथला प्रचंड जमाव भारताच्या विरोधात ओरडत होता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता, आणि भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्यामुळे वातावरण तापलं होतं. उपांत्य सामन्यात गोलरक्षक प्रद्योत बर्मन होते. अंतिम सामन्यासाठी रहीम यांनी आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांना उभं केलं. उंच चेंडू हवेतच पकडणारा धिप्पाड गोलरक्षक त्यांना त्या दिवशी हवा होता. हा निर्णय चुकला असता तर रहीम यांना कुणी माफ केलं नसतं.

बहुतेक याद्या जकार्तातून पीके, चुनी, बलराम, जर्नेल, थंगराज एवढी नावं उचलतात आणि थांबतात. मला त्यात फोर्तुनातो फ्रांको हवेत, आणि आग्रहाने हवेत. गोव्यातल्या कोलवाळचे, फुटबॉल मुंबईत घडलेले, पश्चिम रेल्वे आणि टाटांकडून खेळलेले, पुढे साळगावकरचे. गोवा मुक्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा हा गोमंतकीय हाफ भारतासाठी सुवर्ण जिंकत होता. ४-२-४ या रचनेत मधल्या दोघांचं काम काय असतं ते एकदा समजून घ्या. समोर चार, मागे चार, आणि सगळं मधलं मैदान दोन माणसांच्या जिवावर. आपल्या बचावाने परतवलेला चेंडू उचलायचा, विंगरच्या पुढ्यात नेमका टाकायचा, चेंडू हरवला की तीस-चाळीस यार्ड मागे धावून पोकळी बुजवायची, आणि हे नव्वद मिनिटं, बदली खेळाडूशिवाय. पीके उजव्या बाजूने सुटायचे हे सगळे सांगतात. त्यांच्या पायात चेंडू कुठून यायचा हे कुणी विचारत नाही. हाफच्या नावापुढे गोल लागत नाहीत, त्याचे वाचवलेले गोल कुणी मोजत नाही. म्हणून त्याच्या फाइलमध्ये सामन्याचं सविस्तर वर्णन असलेलीच कात्रणं लावायला हवीत, नुसता निकाल चालत नाही.

अनवाणी खेळणाऱ्या पिढीचे तीन जण पहिल्या तुकडीत येतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे कर्णधार तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतून आलेले, खेळता खेळता वैद्यकीय शिक्षण घेणारे आणि मग फुटबॉल सोडून डॉक्टरकीला वाहून घेणारे. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने बोटांवर मोजण्याइतके. तीस सामन्यांच्या निकषावर ते बाद होतात, म्हणूनच 'किंवा' नंतरचा निकष लागतो. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल संघ त्यांनी मैदानात नेला.

दुसरे शैलेन मन्ना. इथे एक प्रश्न टाळता येत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या, एक महाबीर प्रसाद यांनी आणि एक मन्ना यांनी. सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली होती, पण शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने गोल केला आणि भारत १-२ ने हरला. मन्नांची ती पेनल्टी गोलात गेली असती तर? फाइलमध्ये ही नोंद ठळक असली पाहिजे, लपवायची नाही. आणि तिच्याच खाली १९५१ ची: दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत मन्ना कर्णधार, भारताने तिन्ही सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, अंतिम सामन्यात इराणवर १-० आणि सुवर्ण. डावा बॅक म्हणून त्यांचं पारडं कुठे झुकतं हे उघड आहे. १९५० च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही, त्यामुळे या पिढीची खरी परीक्षा व्हायची ती राहून गेली, त्याचा दोष खेळाडूंच्या माथी मारता येत नाही. तिसरे साहू मेवालाल, १९५१ च्या अंतिम सामन्यातला तो एकमेव गोल त्यांचा.

अकरावी जागा सय्यद नईमुद्दीन यांची, १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत कांस्य जिंकणारे कर्णधार. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत जपानला १-० ने हरवलं होतं. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं पदक भारताला मिळालेलं नाही. या जागेसाठी अरुण घोष यांचाही हक्क तेवढाच भक्कम आहे. जर्नेल पुढे गेल्यावर मागचा बचाव त्यांनीच सांभाळला होता. माझा कौल नईमुद्दीन यांना एका केसाच्या अंतराने. दुसऱ्या तुकडीत पहिलं नाव घोष यांचं.

तर पहिले अकरा: थंगराज, मन्ना, जर्नेल, नईमुद्दीन, आओ, फ्रांको, पीके, नेव्हिल, मेवालाल, चुनी, बलराम. चुनी गोस्वामींबद्दल वेगळं लिहिलं नाही कारण त्यांच्या नावावर वाद नाही: जकार्ताचे कर्णधार, आणि उपांत्य सामन्यात दोन गोल. (मुंबईकरांना ते आणखी एका कारणाने आठवतील. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर बंगालचे कर्णधार तेच होते.) रहीम खेळाडू म्हणून येत नाहीत, त्यांच्यासाठी दाराजवळची भिंत स्वतंत्र ठेवायची. जकार्तानंतर वर्षाच्या आत, जून १९६३ मध्ये, कॅन्सरने ते गेले.

दुसऱ्या तुकडीपासून दरवर्षी दोघे, जास्त नाही. घोष यांच्यानंतर इंदर सिंग, १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता झाला तेव्हा त्यांचे दोन गोल होते. मग ब्रह्मानंद, विजयन, भायचुंग. ब्रह्मानंद यांना अर्जुन मिळाला तो १९९७ मध्ये, खेळ थांबवून बरीच वर्षं झाल्यावर. दालनाने तरी एवढा उशीर करू नये. ब्रूनो कुतिन्यो यांची फाइल करताना १९९९ चा मडगावचा सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्या पानावर लावावा. सुब्रत पाल यांच्यासाठी २०११ च्या आशियाई चषकातला कोरियाविरुद्धचा सामना. निकाल १-४ दिसतो, पण त्या दिवशी गोलमध्ये दुसरा कुणी असता तर आकडा कुठे गेला असता हे सामना पाहिलेल्यांना माहीत आहे. गोलरक्षकाची फाइल करताना खाल्लेल्या गोलांइतकेच अडवलेले फटकेही मोजायचे.

महिला संघाची भिंत पुरुषांच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच दिवशी उघडायला हवी. शांती मल्लिक आणि बेंबेम देवी ही पहिली दोन नावं. शांती मल्लिक यांना १९८३ मध्ये अर्जुन मिळाला, फुटबॉलमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. बेंबेम १९९५ मध्ये पंधराव्या वर्षी संघात आल्या आणि वीसेक वर्षं मधली फळी सांभाळली. पण त्यांच्या मागची पिढी कागदावर फार विरळ आहे. १९८० च्या जानेवारीत कालिकतमध्ये भारत आशियाई स्पर्धेचा उपविजेता ठरला, १९८३ मध्ये बँकॉकमध्ये पुन्हा. गोव्याच्या योलांडा डिसोझा त्याच काळातल्या. या सामन्यांच्या बातम्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींत यायच्या, पूर्ण अकरा जणींची नावं क्वचित छापली जायची. तेव्हा इथे कामाचा क्रम उलटा करावा लागेल. आधी त्या खेळाडूंकडे जायचं, त्यांच्याजवळची कात्रणं, प्रवासाची पत्रं, संघाचे फोटो यांच्या प्रती करायच्या, फोटोत उभ्या असलेल्या प्रत्येकीचं नाव डावीकडून उजवीकडे फोटोच्या मागे लिहून घ्यायचं, आणि मग ते कालिकतच्या मल्याळम दैनिकांच्या जानेवारी १९८० च्या अंकांशी ताडून बघायचं. त्या मुली आता सत्तरीकडे आल्या आहेत. पुरुषांच्या भिंतीचं काम वर्षभर थांबलं तरी चालेल, हे आधी सुरू करा.